बऱ्हाणपूरचा सरू, कलिन्याचा सनी आणि लंडनचा देव : पडद्यावरच्या सुरुवातीला काय काय लागतं?

भुसावळहून इटारसीकडे जाणारी गाडी सावदा, निंभोरा, रावेर अशी आपल्या केळीच्या पट्ट्यातून जाते. महाराष्ट्राची हद्द संपली की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येतं. १९८६ साली या बऱ्हाणपूर स्टेशनच्या बाकावर पाच वर्षांचा एक मुलगा झोपला होता. घर खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीत, आई बांधकामावर मजुरी करणारी, मोठा भाऊ गुड्डू रेल्वेच्या डब्यांत झाडू मारून, पडलेलं वेचून चार पैसे आणणारा. त्या रात्री भाऊ परत आला नाही. जाग आल्यावर मुलगा समोर उभ्या असलेल्या गाडीत चढला आणि थेट कलकत्त्याला हावड्यात उतरला. गावाचं नाव त्याला धड सांगता येत नव्हतं, आईचं नाव त्याच्यासाठी फक्त 'अम्मी' होतं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातल्या ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. पंचवीस वर्षांनी, उपग्रहाच्या नकाशावर रुळांच्या रेघा धरून त्याने बऱ्हाणपूर शोधलं, मग खांडवा, मग आई. गुड्डू मात्र त्याच रात्री रुळांवर गेलेला होता.

ही सरू ब्रायर्लीची खरी गोष्ट. तिच्यावर २०१६ साली गार्थ डेव्हिस या दिग्दर्शकाने 'लायन' हा चित्रपट काढला. आपल्याकडच्या अनेकांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. खानदेशातल्या माणसाला तर तो जास्तच जवळचा वाटतो, कारण ते रूळ, ती स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, फलाटावर झोपलेली पोरं आपण रोज बघतो.

आज लिहायचं आहे ते सरूबद्दल कमी आणि त्याचं काम करणाऱ्या दोन अभिनेत्यांबद्दल जास्त. लहान सरू झाला मुंबईच्या कलिन्यातला सनी पवार. मोठा सरू झाला लंडनमधला देव पटेल. एकाच माणसाची दोन वयं, पण ती करणारे दोघे दोन जगांतून आले. आपल्या तरुणांमध्ये सध्या अभिनयाची, रील्सची, अहिराणी व्हिडिओंची मोठी ओढ आहे. "तो झोपडपट्टीतून ऑस्करला गेला, मग आपण का नाही?" असं बोललं जातं. म्हणून या दोघांच्या सुरुवातीच्या वाटचालीत नेमकं काय होतं, कोणाच्या पाठीशी काय उभं होतं, ते नीट बघायला हवं.

देव पटेल : आफ्रिकेमार्गे लंडन

देव पटेलचा जन्म २३ एप्रिल १९९० चा, लंडनच्या हॅरो भागातला. आई-वडील दोघेही गुजराती, पण जन्मले केनियात, नैरोबीला. किशोरवयात ते इंग्लंडला आले. वडील संगणक क्षेत्रात, आई वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या नोकरीत.

केनियातून इंग्लंडला हे कुटुंब का आलं, यामागे एक मोठा इतिहास आहे. ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधली, तेव्हा तीस हजारांहून जास्त हिंदुस्थानी मजूर तिकडे नेले. त्यांच्या आगेमागे गुजराती व्यापारी, कारकून, दुकानदार गेले. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. तिथल्या अनेक भारतीयांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. १९६७ नंतर परवान्यांची आणि नोकऱ्यांची अडचण सुरू झाली, तसे हजारो लोक इंग्लंडकडे निघाले. घाबरून ब्रिटिश सरकारने १९६८ मध्ये घाईघाईने कायदा करून ही वाट आवळली. तरी लोक आले, आणि लंडनच्या वायव्येला हॅरो, वेम्बली भागात गुजराती दुकानं, मंदिरं, मंडळं उभी राहिली.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. 'स्थलांतरित कुटुंब' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुळे-नंदुरबारहून सुरतेला किंवा ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड येतं. समुद्रापलीकडे गेलेल्या सगळ्यांची स्थिती तशी नव्हती. काहींजवळ अंगावरचे कपडे होते, काहींजवळ हिशेबाचं शिक्षण, जातीचं जाळं आणि ओळखीचा पाहुणा होता. जातही बोटीत बसून गेलीच. इंग्लंडमध्ये आपल्या पंजाबी बौद्ध आणि रविदासी बांधवांना जातीविरुद्ध वेगळ्या संघटना उभारून लढावं लागलं, ते काही उगाच नाही. गोऱ्यांच्या रस्त्यावर मात्र हे सगळेच 'ब्राऊन', आणि वर्णद्वेष सगळ्यांच्या वाट्याला आला. देवच्या पुढच्या वाटचालीत हाच रंग आडवा आलेला दिसतो.

देवच्या घरात अभिनय कोणी केलेला नव्हता. त्याला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, तायक्वांदो. लहानपणापासून तो ते शिकला, २००४ साली डब्लिनच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं, पुढे ब्लॅक बेल्ट झाला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्याच्या सरकारी शाळेत नाटक हा परीक्षेचा विषय होता. गणित, विज्ञानासारखाच गुण मिळणारा विषय, शिकवायला शिक्षक, सादर करायला जागा. शेक्सपियरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये त्याने शाळेत काम केलं आणि नाटकाच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवली.

मग आईने 'मेट्रो' या फुकट मिळणाऱ्या वर्तमानपत्रात 'स्किन्स' नावाच्या टीव्ही मालिकेसाठी मुलं हवी असल्याची जाहिरात पाहिली. दुसऱ्या दिवशी मुलाचा विज्ञानाचा पेपर होता, तरी ती त्याला चाचणीला घेऊन गेली. निवड झाली. २००७ च्या जानेवारीत मालिका सुरू झाली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. भूमिका होती अन्वर नावाच्या पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम मुलाची. गुजराती हिंदू घरातला मुलगा पाकिस्तानी मुसलमान झाला तरी तिकडच्या प्रेक्षकाला फरक पडत नव्हता.

ती मालिका दिग्दर्शक डॅनी बॉईलची मुलगी पाहत असे. बॉईल 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी मुंबईत नायक शोधत होता, पण जी तरुण मुलं चाचणीला येत ती व्यायामशाळेत घडवलेली, हिरोच्या थाटाची. त्याला चहा देणारा, कॉल सेंटरमध्ये खाली बसणारा, साधा, काटकुळा पोरगा हवा होता. मुलीने देवचं नाव सुचवलं. अशा तऱ्हेने जुहूच्या झोपडपट्टीतला जमाल मलिक लंडनच्या उपनगरातून आला. या चित्रपटाला २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळाले.

अठराव्या वर्षी एवढं यश, म्हणजे पुढे रांग लागायला हवी होती. तसं झालं नाही. त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे की नंतर त्याच्याकडे यायच्या त्या दहशतवादी, टॅक्सीवाला, हुशार चष्मिस अशाच भूमिका. २०१० चा 'द लास्ट एअरबेंडर' समीक्षकांनी झोडपला. पुढे 'बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'मधला बडबड्या सनी कपूर, 'न्यूजरूम' मालिकेतला संगणकवाला, मग गणितज्ञ रामानुजन. 'लायन'साठी त्याने आठ महिने तयारी केली. ऑस्ट्रेलियन उच्चार शिकला, शरीर कमावलं, केस-दाढी वाढवली. त्याबद्दल २०१७ साली त्याला ब्रिटनचा बाफ्टा मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही. पहिल्या भूमिकेपासून इथवर दहा वर्षं लागली. आज तो स्वतः दिग्दर्शक आहे. त्याचा 'मंकी मॅन' २०२४ ला जगभर लागला, भारतात मात्र चित्रपटगृहांत आला नाही.

ही दहा वर्षं तो टिकला, कारण पडलेला काळ सोसायला घर होतं, एजंट होता, करार होते. तिथल्या रंगभेदावर टीका जरूर करावी. पण उभं राहायला जमीन त्याच्या पायाखाली होती.

सनी पवार : विमानतळाच्या कडेची वस्ती

आता दुसरा सरू. मुंबई विमानतळाला लागून कलिन्यात कुंचीकुर्वे नगर नावाची वस्ती आहे. कुंचीकोरवे ही कुंचे बनवत, विकत गावोगाव फिरणारी भटकी जमात. कैकाडी समाजाशी तिचं जवळचं नातं. तिचं नाव या वस्तीला चिकटलेलं आहे. बाहेरून येऊन शहराच्या कडेला टेकलेली माणसं, वरून दर काही मिनिटांनी जाणारं विमान आणि खाली नळाची रांग. सनी पवार इथला. वडील सफाईचं काम करणारे. शाळा जवळचीच, एअर इंडिया मॉडर्न स्कूल.

'लायन'साठी मुलगा शोधणारी मंडळी शाळाशाळांतून फिरत होती. सुमारे दोन हजार मुलं पाहून सनीला निवडलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, दिग्दर्शकाला हिंदी येत नव्हतं. दुभाषा मध्ये बसायचा, बाकीचं खाणाखुणांनी. चित्रपटाचा जवळजवळ पहिला अर्धा भाग या मुलाने एकट्याने ओढलेला आहे, त्यातही संवाद फार थोडे. हावड्याच्या गर्दीत ओरडणारा, पुठ्ठ्यावर झोपणारा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून धोका ओळखणारा मुलगा. पुष्कळांना पुढचा ऑस्ट्रेलियातला भाग आठवत नाही, पण हा मुलगा आठवतो.

अमेरिकेत चित्रपटाच्या प्रदर्शनाला जायचं ठरलं तेव्हा त्याला आधी व्हिसा नाकारला गेला, मग खटपट करून मिळाला. काही आठवड्यांनी अमेरिकेत ट्रम्प सरकारने काही मुस्लिम देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी आणली, तेव्हा निर्मात्या कंपनीने याच व्हिसाची गोष्ट वर्तमानपत्रांतल्या ऑस्करच्या जाहिरातीत वापरली. आठ वर्षांच्या मुलाची अडवणूक प्रचाराला कामी आली. २६ फेब्रुवारी २०१७ च्या ऑस्कर सोहळ्यात सूत्रसंचालक जिमी किमेलने त्याला 'लायन किंग'च्या संगीतावर दोन्ही हातांनी उंच धरलं. सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. ती चित्रफीत आपल्याकडेही गटागटांतून फिरली. मला स्वतःला ती पाहताना थोडं अवघड वाटतं. चित्रपटाला सहा नामांकनं होती, एकही ऑस्कर मिळालं नाही, आणि ज्याने अर्धा चित्रपट पेलला तो त्या रात्री खेळण्यासारखा उचलला गेला.

ऑस्ट्रेलियाने मात्र त्याला अभिनेता म्हणून मोजलं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या आक्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार सनी पवारला मिळाला. बालकलाकाराचा नव्हे, प्रमुख अभिनेत्याचा. देव पटेलला त्याच सोहळ्यात सहायक अभिनेत्याचा मिळाला. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. ऑस्करची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, हा पुरस्कार कोणी सांगितला नाही.

त्यानंतर 'लव्ह सोनिया'त छोटी भूमिका, आणि 'चिप्पा'त मुख्य भूमिका. 'चिप्पा' ही कलकत्त्याच्या फुटपाथवर वाढलेल्या, वडिलांच्या शोधात निघालेल्या मुलाची गोष्ट. २०१९ ला न्यूयॉर्कच्या भारतीय चित्रपट महोत्सवात त्याबद्दल त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. अभिनय पुन्हा उत्तमच. पण भूमिका कोणती आली ते बघा : परत हरवलेलं, रस्त्यावरचं मूल.

लहानपण वस्तीचं, मोठेपण दुसऱ्याचं

'स्लमडॉग'मध्ये प्रत्येक पात्राची तीन वयं आहेत. सगळ्यांत लहान सलीम आणि लतिका झाले अझरुद्दीन इस्माईल आणि रुबिना अली, दोघे वांद्र्याच्या गरीब नगर वस्तीतले. मधल्या वयाची मुलं वस्तीबाहेरची. आणि मोठा जमाल लंडनचा. 'लायन'मध्येही तोच साचा, लहान सरू कलिन्याचा, मोठा सरू हॅरोचा. म्हणजे दिग्दर्शकाला वस्तीतलं मूल त्याच्या बालपणापुरतं हवं असतं. ते धावणं, ती भूक, तो निबरपणा खरा दिसला पाहिजे. पात्र मोठं झालं, त्याला प्रेम करायचं असलं, विचार करायचा असला, जिंकायचं असलं, की मग माणूस दुसरीकडून आणला जातो.

यात दिग्दर्शकाचा कट आहे असं मी म्हणत नाही. वीस वर्षांच्या नायकाला लांब संवाद, इंग्रजी, प्रसिद्धीचे दौरे झेपावे लागतात आणि तसं शिक्षण मिळालेला मुलगा वस्तीत सापडत नाही. का सापडत नाही, हा मात्र प्रश्न आहे. मूल सहा वर्षांचं असताना दोन हजारांतून सापडतं. वीस वर्षांचं होईपर्यंत त्याला घडवायला कोणी थांबत नाही.

ऑस्करनंतर तीन महिन्यांच्या आत, मे २००९ मध्ये, अझरुद्दीन आणि रुबिना या दोघांचीही घरं अतिक्रमण म्हणून पाडली गेली. निर्मात्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी 'जय हो' नावाचा ट्रस्ट केला होता, ही जमेची बाजू. पण लाल गालिच्यावरून आलेल्या मुलांना घर वाचवता आलं नाही, कारण जमिनीचा कागद घरच्यांच्या नावे नव्हता.

त्याच्याही आधीचं उदाहरण शफिक सय्यदचं. बंगळूरहून पळून मुंबईच्या फुटपाथवर आलेला हा मुलगा मीरा नायरच्या १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये चायपाव झाला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कामासाठी खूप फिरला, आणि शेवटी बंगळुरात रिक्षा चालवायला लागला. त्या चित्रपटातून रस्त्यावरच्या मुलांसाठी 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला, तो आजही काम करतो. हजारो मुलांना त्याचा उपयोग झाला. अभिनेता म्हणून शफिक उभा राहिला नाही.

महाराष्ट्रात 'फँड्री'ने हा साचा थोडा हलवला. नागराज मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांना जब्या सापडला जवळच्याच केममध्ये, हलगी वाजवताना. सोमनाथ अवघडेने आधी नकोच म्हटलं होतं. तयार झाला, आणि सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. इथे भूमिका लिहिणारा आणि करणारा एकाच मातीतले होते, त्यामुळे जब्याच्या हातातला दगड उसना वाटत नाही. तरीही सोमनाथला मोठ्या पडद्यावर पुढची मोठी संधी मिळायला २०२१ चा 'फ्री हिट दणका' यावा लागला. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूला काम मिळत राहिलं, पण गर्दीमुळे नियमित शाळा सुटली आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्त्यांतली मुलं आली, बाबासाहेबांची जयंती नाचत-गाजत पडद्यावर आली, आणि त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. अंकुश तरुण वयातली भूमिका करत होता. वस्तीतला तरुण, तरुण म्हणून, नायक म्हणून. मला तरी या सगळ्या यादीत हीच घटना सर्वांत मोठी वाटते.

आणि आपल्या शेजारचं मालेगाव विसरून चालणार नाही. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर, १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचं गाव. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांनी तिथे स्वतःच्या पैशांनी सिनेमे काढले. 'मालेगाव का सुपरमॅन'मधला सुपरमॅन शफिक शेख हा यंत्रमाग कामगार होता. काटकुळा, पान-गुटखा खाणारा, पायात स्लीपर. त्याला कोणी शोधायला आलं नव्हतं. त्यांनी एकमेकांनाच शोधलं. तो कर्करोगाने तरुणपणीच गेला, पण गावातल्या लोकांनी गावातल्याच माणसाला नायक केलं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

कायदा काय सांगतो, हे आधी वाचा

आता जळगाव-धुळ्यातल्या कार्यकर्त्यांच्या कामाची गोष्ट. अहिराणी गाणी, वेब मालिका, जाहिराती यांची शूटिंग आता आपल्या तालुक्यांत होते. लहान मुलं घेतली जातात. पालकांना वाटतं, पोराचं नाव होतंय. चहा-वडापाव आणि दोनशे-पाचशे रुपयांवर काम होतं.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही, याला दोन अपवाद : शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना मदत, आणि दृकश्राव्य मनोरंजनात कलाकार म्हणून काम. सर्कस यात बसत नाही. या दुसऱ्या अपवादावर २०१७ च्या नियमांनी अटी घातल्या आहेत. निर्मात्याने ज्या जिल्ह्यात काम होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त दिवस मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा बुडू नये याची जबाबदारी निर्मात्याची. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि मिळकतीच्या किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायची, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.

राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ओटीटी आणि समाजमाध्यमांवरचा मजकूरही धरला आहे. म्हणजे "आमचं तर फक्त यूट्यूब चॅनेल आहे" ही सबब चालत नाही. आपलीच मंडळी चॅनेल चालवत असतील तर त्यांनीही हे पाळायचं आहे. भीमगीताचा व्हिडिओ असला म्हणून आठ वर्षांची मुलगी रात्री बारापर्यंत नाचवायची मुभा मिळत नाही.

अठरा वर्षांवरच्या तरुणांसाठी एवढं सांगतो : भूमिका देण्यासाठी जो नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओ किंवा कार्डाचे पैसे मागतो, तो काम देणारा नसतो. काम देणारा पैसे देतो. करार मराठीत मागा, नसेल तर ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या, आणि गाणं किंवा व्हिडिओ कोणाच्या मालकीचा राहणार ते आधी विचारा.

कागदपत्रांचंही तसंच. सनीला व्हिसाला अडवलं, गरीब नगरची घरं कागदावाचून गेली. आपल्याकडे स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाला जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा कुठल्या गावातून कुठे आले याचा कागद नसेल तर शिष्यवृत्ती जाते, शासकीय संस्थेतली राखीव जागा जाते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आपल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. तिथे अर्ज करायचा असेल तर दाखल्याची तयारी बारावीतच सुरू करावी लागते, ऐनवेळी तलाठी कार्यालयाच्या चकरा मारून भागत नाही.

शाळेत नाटक हा विषय देवला मिळाला, आपल्या मुलांना मिळत नाही. पण राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा दरवर्षी होते, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' महोत्सव महाविद्यालयीन मुलांसाठी असतो. त्यात एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन अशा गटांत भाग घेता येतो. शिवाय जलशांची परंपरा आपल्याच घरात आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांत काम करणारे लोक कुठल्या नाट्यशाळेतून आले नव्हते. विहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर जागा मोकळी असते. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमणाऱ्या समाजापुढे सादर करता येईल असं वीस मिनिटांचं नाटक सहा महिन्यांत बसतं. त्यातल्या मुलांची वयं आठ ते पंचवीस असावीत, म्हणजे लहान झालेल्या पात्राला मोठं करायलाही माणूस आपल्यातलाच मिळेल.